पडलं, भाजलं, कापलं : घरातल्या दुखापतींबद्दल तुमचे प्रश्न

घरात अचानक कुणाला लागलं तर त्या क्षणी काय करावं आणि पुढचे आठवडे घर कसं चालवावं, याबद्दल आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. बहुतेक पत्रांत एक शंका होतीच: घाईत जे केलं ते बरोबर होतं का? आमचं निरीक्षण असं की खूप ठिकाणी उशिरापेक्षा घाईच नडते. जिथे खरोखर घाई हवी, तिथे तसं स्पष्ट लिहिलं आहे.

प्रश्न : सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. रात्री बाथरूममधून येताना पडल्या. मी आणि नवऱ्याने काखेत हात घालून उचललं आणि पलंगावर निजवलं. फार दुखत नव्हतं, सकाळी धरून चार पावलं चालल्यासुद्धा. दुसऱ्या दिवशी एक्स-रेत खुब्याचं हाड मोडलेलं निघालं. आम्ही उचललं म्हणून मोडलं का? आणि उचलायचं नाही, तर करायचं काय?

हाड पडतानाच मोडलं असणार, ते मनातून काढून टाका. खुब्याच्या काही फ्रॅक्चरमध्ये मोडलेली टोकं एकमेकांत रुतून बसतात. अशा वेळी पाय आखूड दिसत नाही, माणूस लंगडत का होईना चालतो, आणि घरच्यांना वाटतं मुका मार असेल. पुढे केव्हातरी वजन पडून ती टोकं सरकली की मग उभंच राहता येत नाही. म्हणून म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत ‘चालल्या ना, मग मोडलेलं नाही’ असं कधीच धरू नका. जांघेत दुखणं, झोपल्या जागी पाय सरळ ठेवून वर उचलता न येणं, किंवा पडल्यापासून नुसता गुडघाच दुखणं, यातलं एक असलं तरी एक्स-रे काढायचा. खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं, आणि मग एक्स-रे गुडघ्याचा काढून माणसं निर्धास्त घरी येतात. खुब्याचा एक्स-रे चांगला आला पण वजन टाकताना दुखणं तसंच राहिलं, तर सीटी किंवा एमआरआय लागेल का, हे डॉक्टरांना स्वतःहून विचारा. बारीक चीर पहिल्या एक्स-रेत निसटू शकते.

आता पुढच्या वेळेसाठी. माणूस पडला की पहिलं मिनिट त्याला हलवू नका. शेजारी खाली बसा, बोला, काय झालं ते विचारा. मान किंवा पाठीचा कणा दुखतोय का, हातापायाला मुंग्या किंवा बधिरपणा आहे का, डोकं आपटलं का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, एक पाय आखूड होऊन पंजा बाहेरच्या अंगाला वळला आहे का, हे बघा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असून डोकं आपटलं असेल, तर वरून काही दिसत नसलं तरी दवाखाना. मान, कणा किंवा खुबा यांची शंका असेल तर जागेवरच राहू द्या, मग ती जागा बाथरूमचा दरवाजा का असेना. दोन पायांच्या मध्ये उशी ठेवा, अंगावर पांघरूण घाला (फरशीवर म्हातारं अंग फार लवकर गार पडतं) आणि रुग्णवाहिका बोलवा. वाकडा दिसणारा पाय ओढून सरळ करायला जाऊ नका. खायला काही देऊ नका. शस्त्रक्रिया ठरली तर भूल देण्याआधी साधारण ६ तास पोटात अन्न नसावं लागतं, आणि धीर यावा म्हणून भरवलेल्या दोन घासांपायी ऑपरेशन पुढे जातं.

यातलं काहीच नसेल तरी उचलू नका, त्यांना त्यांच्या ताकदीने उठू द्या. दोन भक्कम खुर्च्या आणा, चाकांच्या किंवा प्लास्टिकच्या हलक्या नकोत. आधी कुशीवर वळायला सांगा, मग कोपरावर जोर देऊन हात आणि गुडघे टेकून ओणवं व्हायला सांगा. गुडघ्यांखाली घडी घातलेली चादर सरकवा. पहिली खुर्ची समोर ठेवून ती तुम्ही घट्ट धरा. त्यांनी दोन्ही हात बैठकीवर ठेवायचे, जो पाय जास्त मजबूत तो पुढे घेऊन तळवा जमिनीवर टेकवायचा, आणि हात व पाय दोन्हींनी रेटा देऊन उठायचं. कंबर वर आली की दुसऱ्याने मागून दुसरी खुर्ची सरकवायची. प्रत्येक टप्प्यावर दम घेऊ द्या. दोन वेळा प्रयत्न करूनही जमलं नाही, तर नुसता अशक्तपणा म्हणून सोडून देऊ नका, तपासणी हवी. काखेत हात घालून वर ओढलं की वयस्कर खांदा निखळू शकतो, दंडाची पातळ कातडी फाटते, आणि उचलणाऱ्याची कंबर धरते ती वेगळीच.

किती वाजता पडल्या आणि किती वाजता सापडल्या, हे लिहून ठेवा. तासाभराहून जास्त वेळ फरशीवर पडून राहिलेल्या माणसाच्या दबलेल्या स्नायूंतून रक्तात जे द्रव्य उतरतं ते मूत्रपिंडांना बाधतं. त्यामुळे हाड शाबूत असलं तरी रक्ताची आणि लघवीची तपासणी लागते. दुसरी नोंद कारणाची: पाय घसरला, की आधी डोळ्यांपुढे अंधारी आली? हे त्याच दिवशी विचारा. दोन दिवसांनी घरातले सगळेच ‘ओल्या फरशीवरून घसरल्या’ असं सांगायला लागतात आणि रक्तदाबाच्या गोळीचा वाढलेला डोस किंवा हृदयाचे अनियमित ठोके मागे राहून जातात.

ऑपरेशनबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी लिहितो. ‘वय झालंय, आता कशाला चिरफाड’ म्हणून बरीच कुटुंबं दोन-चार दिवस विचारात घालवतात. इथे खरी घाई आहे. प्रकृती तेवढी स्थिर असेल तर खुब्याचं ऑपरेशन ३६ ते ४८ तासांत व्हावं असा प्रघात आहे, कारण पडून राहण्याचाच त्रास जास्त: न्यूमोनिया, पायातल्या शिरेत गुठळी, पाठीला जखमा. जे आधीपासून फारसे चालत नव्हते त्यांच्यासाठीसुद्धा ऑपरेशनचा मोठा फायदा हा की कूस बदलताना आणि कमोडवर बसवताना ते विव्हळत नाहीत.

प्रश्न : वडिलांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, दोन दिवसांत घरी सोडतील. घरात काय तयारी करू? शिवाय रात्री ते भलतंच बोलतात, मला ओळखत नाहीत. हे कायमचं आहे का?

आधी रात्रीच्या बोलण्याबद्दल. खुब्याच्या फ्रॅक्चरनंतर वयस्करांत हा भ्रम वारंवार दिसतो. तो दिवसाउजेडी कमी आणि रात्री जास्त असतो, आणि बहुतेकांत काही दिवसांत किंवा आठवड्यांत ओसरतो. पण त्याला कारण असतं आणि ते शोधावं लागतं: अपुरं दबलेलं दुखणं, तीव्र वेदनाशामक औषधं, लघवी तुंबणं, लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, पाणी कमी पडणं. डॉक्टरांना ‘बाबा विचित्र वागतात’ असं सांगण्यापेक्षा ‘परवापर्यंत नीट बोलत होते, काल रात्रीपासून बदललं’ असं सांगा. त्या वाक्याने तपासण्यांची दिशा ठरते. घरी आल्यावर चष्मा आणि कानाचं यंत्र जागेपणी लावलेलंच असू द्या, समोर मोठं घड्याळ ठेवा, दिवसा पडदे उघडे आणि रात्री मंद दिवा. वाद घालू नका, ‘मी अमुक, तुम्ही घरी आहात’ एवढंच शांतपणे सांगा. झोपेची गोळी स्वतःच्या मनाने देऊ नका, तिने हा गोंधळ बऱ्याचदा वाढतो.

दुसरा, गुपचूप प्रकारही असतो. माणूस बडबडत नाही, नुसता सुस्त पडून राहतो, जेवत नाही. घरचे म्हणतात, ‘आता शांत झोपतात बिचारे.’ तोही भ्रमच, आणि तो जास्त दुर्लक्षिला जातो.

आता घर. उंची मोजायची टेप घ्या. वडील बसल्यावर तळवे जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत आणि कंबर गुडघ्यांपेक्षा किंचित वर राहिली पाहिजे. बहुतेकांना पलंग, खुर्ची आणि कमोड या तिघांची उंची ४५ ते ५० सेंटिमीटर लागते. पलंग खाली असेल तर त्याच्या पायांखाली खोबणीचे ठोकळे मिळतात. विटा लावू नका, त्या सरकतात. कमोडवर उंची वाढवणारी बैठक बसते, ती स्क्रूने आवळायची हवी, नुसती वर ठेवलेली नको. खुर्चीला हात हवेतच. सांधा बदलला असेल तर काही आठवडे कंबरेत ९० अंशांपेक्षा जास्त वाकू नये, पायावर पाय टाकू नये, अशी बंधनं शस्त्रक्रियेच्या पद्धतीप्रमाणे असतात. सगळ्यांना ती सारखी नसतात, म्हणून घरी सोडताना लिहून घ्या.

बाथरूममधल्या टॉवेलच्या दांडीला आधाराची दांडी समजू नका. माणसाचा तोल गेला की ती खिळ्यासकट निघून येते. आधाराची दांडी पक्क्या भिंतीत, अँकर बोल्टने बसवायची आणि बसवल्यावर घरातल्या सगळ्यांत वजनदार माणसाने लटकून बघायची. पलंग ते कमोड या वाटेवरचं पायपुसणं, चटई, वायर, सगळं उचला. रात्रीचा दिवा त्याच वाटेवर लावा.

वॉकरची उंची: वडील पायांत चप्पल घालून ताठ उभे, हात मोकळे सोडलेले, तेव्हा वॉकरची मूठ मनगटाच्या वळीशी आली पाहिजे. जास्त उंच असला तर खांदे वर चढतात, बुटका असला तर माणूस पुढे झुकतो. क्रम असा: वॉकर पुढे, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला पाय. सर्रास होणारी चूक म्हणजे खुर्चीतून उठताना वॉकर धरून स्वतःला ओढणं. वॉकर अंगावर येतो. खुर्चीचे हात रेटून उठायचं, उभं राहून झालं की मगच वॉकर धरायचा. पुढे काठी आली की ती चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी.

पडून असताना दर दोन तासांनी कूस बदला. पूर्ण कुशीवर नको, साधारण ३० अंश कलतं ठेवून पाठीमागे उशी. टाचांची काळजी घरी सगळ्यात कमी घेतली जाते. पोटरीखाली उशी लांबीच्या दिशेने अशी ठेवा की टाच हवेत राहील. रोज अंघोळीच्या वेळी माकडहाड, कंबरेच्या कडा, टाचा बघा. लाल डाग दिसला तर बोटाने दाबून सोडा. दाबल्यावर फिका पडून पुन्हा लाल झाला तर ठीक, फिका पडतच नसेल तर शय्याव्रणाची सुरुवात आहे. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे आजूबाजूपेक्षा काळपट, कोमट किंवा कडक लागणारी जागा शोधा. तिथे मालीश करू नका, आणि भोक असलेली गोल गादी आणू नका, तिच्या कडेनेच रक्तपुरवठा दबतो.

एक पोटरी सुजली, दुखू लागली तर त्याच दिवशी दाखवा. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं तर रुग्णवाहिका, विचार करायला वेळ नाही.

आणि ऑपरेशनच्या गडबडीत राहून जाणारी गोष्ट: साध्या पडण्याने हाड मोडलं म्हणजे हाडं ठिसूळ असण्याची शक्यता मोठी. हाडांची घनता, ड जीवनसत्त्व आणि त्यावरचं औषध याची चौकशी पहिल्या फेरतपासणीतच करा. एकदा मोडलेल्याला पुन्हा मोडण्याचा धोका जास्त असतो.

प्रश्न : चौदा महिन्यांची मुलगी पलंगावरून पडली. लगेच रडली, कपाळावर टेंगूळ आलं. शेजारी म्हणतात झोपू देऊ नका. किती वेळ जागी ठेवायची?

मुद्दाम जागी ठेवायची गरज नाही. रडून थकलेलं मूल झोपणारच. पहिल्या काही तासांत ती झोपली तर तासा-दोन तासांनी हलकेच हलवा: कुरकुर केली, तुमचा हात झटकला, श्वास नेहमीसारखा आहे, एवढं पुरे.

लगेच रडली आणि टेंगूळ कपाळावर आहे, या दोन्ही त्यातल्या त्यात चांगल्या गोष्टी. दोन वर्षांच्या आतल्या मुलांत कानाच्या वर किंवा मागच्या बाजूला आलेली मऊ, पिलपिलीत सूज जास्त काळजीची. ९० सेंटिमीटरपेक्षा उंचावरून पडणं, थोडा वेळ का होईना शुद्ध हरपणं, दोन किंवा जास्त उलट्या, न थांबणारं रडणं, उठवूनही नीट न उठणं, फिट, एका अंगाची हालचाल कमी होणं, बाहुल्या लहानमोठ्या दिसणं, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखा द्राव येणं, कानामागे निळसर डाग, नुसतं ‘आज ही नेहमीसारखी नाही’ असं आईला वाटणं: यातलं काहीही असेल तर थेट रुग्णालय. शेवटच्या लक्षणाला डॉक्टर हसत नाहीत, तपासणीच्या नियमांत त्याला जागा आहे.

तिथे लगेच सीटी काढला नाही तर दुर्लक्ष केलं असं समजू नका. लहान मेंदूला क्ष-किरण कमीत कमी द्यावेत म्हणून बऱ्याच मुलांना काही तास नुसतं निरीक्षणाखाली ठेवतात. घरी ४८ तास लक्ष ठेवा. टेंगळावर कपड्यात गुंडाळलेला गार पॅक दहा मिनिटं. वेदनेसाठी पॅरासिटामॉल, दर किलो वजनाला १५ मिलिग्रॅम, म्हणजे १० किलोच्या मुलीला १५० मिलिग्रॅम. पण बाटलीवर बघा: एका सिरपच्या ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम असतात, दुसऱ्याच्या तेवढ्यातच २५०. ‘एक चमचा’ हे माप इथे फसवतं. आयब्युप्रोफेन पहिल्या दोन दिवसांत टाळा, आणि अॅस्पिरिन तर लहान मुलांना एरवीही देत नाहीत.

प्रश्न : उकळतं पाणी सांडून हात भाजला. मी लगेच बर्फ लावला आणि टूथपेस्ट थापली. फोड आले आहेत, फोडू का?

फोडू नका, फोडाची कातडी हेच सध्या सगळ्यात चांगलं आवरण आहे.

बर्फाने आधीच दुखावलेल्या कातडीचा रक्तपुरवठा आणखी आखडतो. टूथपेस्ट थंड लागते पण उष्णता आत कोंडते, आणि डॉक्टरांना ती खरवडून काढावी लागते. उपाय एकच: नळाचं वाहतं गार पाणी, २० मिनिटं, घड्याळ लावून. दोन मिनिटांत आग कमी होते आणि लोक नळ बंद करतात, तिथेच चुकतं, कारण खालच्या थरांत उष्णता उतरतच असते. उशीर झाला म्हणून सोडूनही देऊ नका, तीन तासांच्या आत कधीही केलं तरी उपयोग होतो. पाणी सोडतानाच अंगठी आणि बांगड्या काढा, सूज आल्यावर त्या कापाव्या लागतात. कापड कातडीला चिकटलं असेल तर ओढू नका, त्याभोवती कापा. मोठं भाजलं असेल किंवा मूल लहान असेल तर भाजलेला भाग पाण्याखाली आणि बाकीचं अंग पांघरुणात, नाहीतर थंडीने वेगळाच त्रास होतो. नंतर स्वयंपाकघरातली पारदर्शक प्लास्टिक फिल्म वरून नुसती पसरा. गोल गुंडाळली की सुजेने आवळते.

रुग्णाचा स्वतःचा पंजा बोटांसकट म्हणजे त्याच्या अंगाचा साधारण एक टक्का. त्याहून मोठं भाजणं, चेहरा, हात, पाऊल, जननेंद्रिय किंवा सांध्यावरचं भाजणं, विजेचं किंवा रसायनाचं, लहान मुलाचं आणि म्हाताऱ्याचं, हे सगळं डॉक्टरकडे. पांढुरकी किंवा काळी पडलेली आणि न दुखणारी जागा बघून ‘बरं झालं, दुखत नाही’ म्हणू नका. तिथल्या नसाच जळालेल्या असतात. तुमचा हात भाजला आहे आणि फोड आहेत, म्हणजे तुम्हीही दाखवा.

प्रश्न : काचेचा ग्लास धुताना फुटून बोट कापलं. टाके लागतील की नाही, हे घरी कसं ओळखायचं?

आधी रक्त थांबवा. स्वच्छ कापडाची घडी, थेट जखमेवर, घट्ट दाब, हात छातीच्या वर. दहा मिनिटं. मधे उचलून बघायचं नाही, दर वेळी नुकती धरलेली गुठळी निघते. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवून जास्त जोराने दाबा. आत रुतलेला मोठा तुकडा ओढू नका, त्याच्या दोन्ही बाजूंनी दाबा. रक्त उसळून येत असेल, दाबून थांबतच नसेल, तर जखमेच्या ५ ते ७ सेंटिमीटर वर, सांधा सोडून, रुंद पट्टी काडी घालून पिळून आवळा, वेळ लिहा आणि निघा. हा उपाय फक्त हातापायाच्या जीवघेण्या रक्तस्रावासाठी. बोटाला दोरा बांधून ठेवायची सवय वाईट.

रक्त थांबलं की नळाखाली पाच मिनिटं धुवा. मग जखमेकडे न बघता बोटाकडे बघा. मधलं पेर दुसऱ्या हाताने धरून ठेवा आणि फक्त टोकाचं पेर वाकवा. वाकलं? मग बाकीची बोटं सरळ दाबून ठेवून मधला सांधा वाकवा. मग बोट पूर्ण ताठ करा. तीनपैकी काही जमत नसेल तर स्नायुबंध कापला आहे. वाकतं पण जोर लावला की दुखतं, तर अर्धवट कापला असू शकतो. आता डोळे मिटा आणि कुणाला तरी कापसाच्या बोळ्याने बोटाच्या टोकाच्या डावी-उजवीकडे स्पर्श करायला सांगा. एका बाजूला बधिर लागलं तर त्या बाजूची नस गेली आहे. जखम अर्ध्या सेंटिमीटरची असली तरी यातलं काही आढळलं तर हाताच्या शल्यविशारदाकडेच जावं लागतं. बाहेरून दोन टाके घालून आतला बंध तसाच राहिला की काही आठवड्यांनी दुरुस्ती फार अवघड होते.

हे सगळं ठीक असेल, तर टाक्यांचा प्रश्न सोपा: कडा आपोआप जुळत नसतील, आत पिवळी चरबी दिसत असेल, सांध्यावर असेल किंवा दहा मिनिटांनीही वाहत असेल तर टाके. शक्यतो ६ ते ८ तासांत. काच होती हे आवर्जून सांगा, ती बहुधा एक्स-रेत दिसते. हाताचे टाके साधारण ७ ते १० दिवसांनी, सांध्यावरचे १० ते १४ दिवसांनी काढतात. धनुर्वाताचे सुरुवातीचे डोस पूर्ण झाले असतील तर स्वच्छ लहान जखमेला शेवटच्या इंजेक्शनला १० वर्षं झाल्यावरच पुन्हा लागतं, मातकट किंवा खोल जखमेला ५ वर्षांनंतर. दर खरचटण्याला इंजेक्शन घेण्यात अर्थ नाही.

बोटाचा तुकडाच पडला असेल तर तो पाण्याने हलका धुवा, ओल्या स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. तुकडा बर्फाला थेट लागला तर गोठून मरतो.

प्रश्न : मुलाच्या हाताला काल प्लास्टर घातलं. रात्रभर दुखतंय म्हणतो. किती दुखणं नेहमीचं?

दिलेल्या औषधाने आणि हात उंच ठेवल्याने दुखणं कमी होत जातं, ते नेहमीचं. औषध देऊनही वाढतच चाललं असेल, बोटं तुम्ही हलकेच सरळ केल्यावर तो ओरडत असेल, मुंग्या किंवा बधिरपणा असेल, बोटं गार, पांढरी किंवा निळी पडली असतील तर आत्ता, रात्री दोन वाजले असले तरी निघा. स्नायूंच्या कप्प्यात दाब वाढला की काही तासांत कायमचं नुकसान होतं. ही शंका असेल तेव्हा हात छातीच्या पातळीवरच ठेवा, जास्त उंच नको. नाडी लागते म्हणून निर्धास्त राहू नका, नाडी अगदी शेवटी जाते.

एरवी पहिले दोन-तीन दिवस कोपरापेक्षा मनगट उंच, छातीपेक्षा कोपर उंच, उशांवर. जागेपणी दर तासाला बोटं हलवायला लावा. पांढरं प्लास्टर पूर्ण वाळायला दोन दिवस लागतात, तोवर टेबलाच्या कडेवर टेकवू नका, आत खड्डा पडतो आणि कातडी दबते. खाज सुटली तर हेअर ड्रायरची गार हवा. पट्टी, पेन, सुई आत घालू दिलीत तर काही दिवसांनी वास येईल आणि प्लास्टर कापावं लागेल.

प्रश्न : तीन वर्षांच्या मुलाचा हात धरून ओढला, तेव्हापासून तो हात हलवत नाही. सूज नाही. हाड मोडलं का?

बहुधा कोपराचं छोटं हाड त्याच्या कड्यातून किंचित सरकलं आहे. एक ते चार वर्षांच्या मुलांत हे सर्रास होतं: हात कोपरात थोडा वाकवून, तळवा आत करून अंगालगत धरलेला, खेळणं दुसऱ्या हाताने घेतलेलं. डॉक्टर काही सेकंदांत बसवतात आणि मूल पंधरा मिनिटांत हात वापरू लागतं. व्हिडिओ बघून घरी करू नका, कोपराजवळचं फ्रॅक्चर असलं तर त्याच हालचालीने नस दुखावते. सूज असेल किंवा मूल पडलेलं असेल तर आधी एक्स-रे. पुढे वर्षभर तरी त्याला एका हाताने उचलू किंवा झुलवू नका.

प्रश्न : आईचं मनगट आणि घोटा दोन्ही मोडले. घर तीच चालवायची. बाबांना काही येत नाही, भाऊ दुसऱ्या गावी. मी नोकरी सांभाळून करते आणि चिडचिड करते. त्यात माझा सहा वर्षांचा मुलगा म्हणतो, आजी माझ्या गाडीवरून पाय घसरून पडली.

मनगटाचं प्लास्टर साधारण सहा आठवडे, आणि ते निघाल्यावर हात आखडलेला असतो, मूठ वळायला आणखी काही आठवडे जातात. म्हणजे ही दहा दिवसांची ओढाताण नव्हे, तीन महिन्यांची व्यवस्था लावायची आहे. आठवड्यातली सगळी कामं कागदावर उतरवा, अगदी ‘औषध संपत आलं हे लक्षात ठेवणं’ हेसुद्धा काम म्हणून लिहा. मग मदत मागू नका, अख्खं काम सोपवा. बाबांना ‘जरा हात लावा’ म्हटलं की आठवण ठेवायचं ओझं तुमच्याकडेच राहतं. ‘आईच्या सकाळच्या गोळ्या आणि कपडे, दोन्ही तुमचं’ असं सांगा, आणि ते वेडंवाकडं झालं तरी पुन्हा करू नका. भावाकडे अंतरावरून होणारं सगळं द्या: विम्याची कागदपत्रं, तपासणीची वेळ घेणं, बिलं, आईला रोज ठरल्या वेळी फोन. आणि प्लास्टर निघेल तो आठवडा त्याने येऊन राहायचं, हे आत्ताच ठरवा. त्या आठवड्यात फेऱ्या आणि व्यायाम दोन्ही असतात. रात्रीची उठबस एकीवर ठेवू नका, आठवड्यात निदान दोन रात्री दुसऱ्या कुणाच्या. तुमची चिडचिड स्वभावाची नसून अपुऱ्या झोपेची आहे.

एक वही करा. तारीख, वेळ, कुठली गोळी किती, काय दुखलं, डॉक्टर काय म्हणाले. दोघांनी एकच गोळी दोनदा दिल्याचे प्रकार याच घरांत होतात. पॅरासिटामॉलची मोठ्या माणसाला २४ तासांत ४ ग्रॅम ही वरची मर्यादा, वयस्कर किंवा किडकिडीत व्यक्तीला त्याहून कमी, आणि सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही तेच औषध असतं.

आईकडून सगळं काढूनही घेऊ नका. एका हाताने, बसून होण्यासारखं तिला करू द्या, हिशेब, निवडणं, फोन. खांदा, कोपर आणि प्लास्टरबाहेरची बोटं रोज हलवायला लावा, नाहीतर मनगट सुधारतं आणि खांदा धरतो.

मुलाला ‘छे, तुझ्यामुळे काही नाही’ असं उडवून लावलंत तर त्याला ते खोटं आहे हे कळतं, कारण गाडी तिथे होती हे त्याने पाहिलं आहे. खरं तेच सांगा: ‘गाडी वाटेत राहिली होती, आजीचा पाय तिच्यावर पडला. तू आजीला पाडायला ठेवली नव्हतीस. हाड भरून येतंय.’ मग त्याला खरंखुरं काम द्या, रोज संध्याकाळी आजीच्या खोलीची वाट मोकळी आहे का बघायचं. पुन्हा पुन्हा तोच प्रश्न विचारेल, तेवढ्या वेळा तेच उत्तर द्या. झोपेत दचकणं, अंथरूण ओलं करणं, आजीच्या खोलीत जायला नकार हे महिन्यानंतरही चालू राहिलं तर बालरोगतज्ज्ञांना सांगा.

प्रश्न : खेळताना मुलाचा पुढचा दात मुळासकट पडला तर?

कायमचा दात असेल तर इथे मिनिटं मोजायची. दात पांढऱ्या बाजूने धरा, मुळाला हात लावू नका, मूळ घासू नका. माती असेल तर पाण्याखाली दहा सेकंद. मग त्याच खाचेत बसवा, शेजारच्या दातांशी जुळवून, आणि कापडाची घडी चावून धरायला सांगा. बसवायला जमलं नाही किंवा मूल गोंधळलेलं असून गिळण्याची भीती असेल तर दात थंड दुधात ठेवा, साध्या पाण्यात नको, कोरड्या रुमालात तर मुळीच नको. अर्ध्या तासात दंतवैद्याकडे. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नाही, त्याने खालच्या कायमच्या दाताला इजा होते. पडलेला दात सापडला नाही, तर तो श्वासनलिकेत किंवा ओठात तर गेला नाही ना, यासाठी एक्स-रे काढतात.